‘तुला हवं ते कर’ : शब्द हवा आहे

प्रश्न
भाचीला मिखाएल एंडेची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ (मूळ जर्मन, १९७९) मराठीत सांगतेय. त्यात बास्तियान नावाचा मुलगा पुस्तकातल्या अद्भुत जगात शिरतो. त्याच्या गळ्यातल्या ऑरिन नावाच्या ताइतावर मागे चारच शब्द कोरलेत. मराठीतही चारच होतात : ‘तुला हवं ते कर’. पण हे तर आई वैतागून म्हणते तसं वाटतं. ‘कर बाई, तुला हवं ते कर!’ ही काय परवानगी असते?

प्रतिसाद
‘तुला सगळी मुभा आहे’ चालेल?

प्रश्नकर्ती
मुभा कोणीतरी देतं आणि काढूनही घेतं. इथे ताईत देणारी, त्या जगाची बालसम्राज्ञी कोणाचं बरंवाईट तोलतच नाही. बास्तियान एकेक इच्छा करत जातो, देखणा होतो, शूर होतो, आणि तिकडे आपल्या जगातली एकेक आठवण गमावतो. कळतही नाही त्याला.

प्रतिसाद
मग स्वच्छंद? त्यातला छंद म्हणजे इच्छाच. पण स्वच्छंद पाखरांना शोभतो. स्वैर घ्यावा तर तो स्वैराचारापायी बदनाम.

प्रतिसाद
पसायदान बघा. ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हणजे हेच की! फक्त ज्ञानोबा त्याआधी ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’ मागून घेतात. गीतेतही ‘यथेच्छसि तथा कुरु’च्या आधी ‘विमृश्यैतदशेषेण’ आहे, नीट विचार कर आणि मग. ताइतावर ती आधीची ओळच नाही. ती पोराने शोधायची.

प्रतिसाद
म्हणजे सत्त्वपरीक्षा?

प्रतिसाद
नाही हो. सत्त्वपरीक्षेला दारात कोणीतरी यावं लागतं, चिलया बाळ मागायला आला तसा अतिथी. कसोटीलाही सराफ लागतो. इथे नुसता ‘कस लागतो’. लावणारा कोणी नाही.
ताइतासाठी ‘मनापासून हवं ते कर’ सुचवणार होतो, पण मग गोष्टीतल्या ग्राओग्रामान सिंहाला काय काम उरलं? बास्तियानला वाटतं, वाटेल ते करायची मोकळीक मिळाली. तुझी खरी इच्छा शोध, याहून अवघड काही नाही, हे त्याला हा सिंहच सांगतो. ओळीत ‘मनाला येईल ते’ आणि ‘मनापासून’ दोन्ही मावायला हवं. तुमचंच ठेवा.

प्रश्नकर्ती
ठेवते. वैतागाचा सूर वाचताना टाळेन. बास्तियानची आई गेलेली आहे, हे आत्ता लक्षात आलं. त्याला तसं म्हणणारं घरात कोणी नाही.