मदत हवी आहे: दोन्ही हात वॉकरवर, मग ऑक्सिजनचं मशीन न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. वय ७४. फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार) आधीपासून होता, त्यात मे महिन्यात पडून खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकरशिवाय उभं राहायचं नाही आणि ऑक्सिजनशिवाय चालायचं नाही, असं दोन्ही एकदमच आलंय. बसलेली असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९३ टक्के असतं, थोडं चाललं की ८५ वर येतं. म्हणून चालताना मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लावायला सांगितलंय.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. संडास गॅलरीच्या टोकाला. घरातल्या मोठ्या कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन) लांब नळी लावून पाहिली. नळी पोचते, पण परत येताना आई वळली की वॉकरच्या पायाचं रबरी बूच नेमकं नळीवर टेकतं. ऑक्सिजन बंद झालाय हे तिला कळत नाही. ती थांबून धापा टाकायला लागली की आम्ही खाली बघतो.

मग पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणला. बॅटरीसकट अडीच किलोच्या आसपास. वॉकरच्या पुढच्या दांडीला अडकवला, तर आमचा वॉकर बिनचाकांचा, दर पावलाला उचलावा लागतो. उचलला की पिशवी झुलते आणि वॉकर पुढे कलतो. खांद्याला लावला तर ती एका अंगावर झुकते. सॅकमध्ये घालून पाठीवर दिला, पण तिला पोक आहे, पट्टे मागे ओढतात आणि छाती आवळल्यासारखी होते.

म्हणून सध्या मशीन धरून मी किंवा वहिनी तिच्या मागे चालतो. तिला तेच नकोय. संडासला जाताना कुणीतरी पिशवी घेऊन दाराशी उभं राहायचं, याचा तिला इतका संकोच होतो की ती पाणी कमी प्यायला लागली आहे. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

कुणाच्या घरी वॉकर आणि ऑक्सिजन दोन्ही आहे का? मशीन कसं बांधलंत? चार चाकांचा, सीटवाला वॉकर घ्यावा का?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी वॉकरच्या पुढच्या दोन पायांना चाकं लावता येतील का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. दर पावलाला वॉकर उचलण्यातच अशा पेशंटचा अर्धा दम जातो. चार चाकांच्या वॉकरला सीटखाली टोपली असते, वजन खाली आणि मधोमध राहतं, त्यामुळे मशीनसाठी तो उत्तम. पण ब्रेक पटकन दाबता आला नाही तर तो पुढे पळतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर इतक्यात तो स्वतःहून आणू नका.
सध्याच्याच वॉकरवर मशीन ठेवायचं तर पिशवी दांडीच्या आतल्या, म्हणजे आईंच्या बाजूला, गुडघ्याला लागणार नाही अशी घ्या आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांनी वर-खाली दोन्हीकडे आवळा. झुलता कामा नये. हवा आत घेणारी जाळी झाकू नका, मशीन तापतं. नळी कानांवरून मानेमागे नेऊन खांद्याजवळ क्लिपने अडकवा. लांब नळी नको, दोन मीटरची पुरते.
आणखी एक, फार महत्त्वाचं. बहुतेक छोटी मशीनं श्वास घेतला की तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतात. त्यावरचा २ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. त्याच मशीनवर चालवून, बोटाला ऑक्सिमीटर लावून डॉक्टरांकडून सेटिंग ठरवून घ्या.

प्रतिसाद २
विकत घेण्याआधी आईंना हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत किंवा केईएम हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करतात तो) नेऊन आणा. घरातल्या जागांची मापं घेऊन जा, संडासाच्या दाराचं तर नक्की. उंबऱ्याला लाकडी उतार करणार असाल तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा. आमच्या वडिलांसाठी सुताराने फारच उभा केला होता, वॉकर घसरायचा.
लहान अॅल्युमिनियमचा सिलिंडर वीज गेल्यावर कामी येतो. १.७ लिटरच्या बाटलीत १४० बार दाब असेल तर साधारण २३८ लिटर ऑक्सिजन, म्हणजे २ लिटरने दोन तासांच्या आत संपतो. तो वॉकरला मात्र लटकवू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सेटिंगचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, उद्याच डॉक्टरांना फोन करते. उंबरा दोन इंचांचा आहे, म्हणजे दोन फुटांचा उतार खोलीच्या आतच बसेल.
दार मोजलं. वॉकर उघडा असताना आत जात नाही, बाहेरच ठेवावा लागतो. म्हणजे मशीन वॉकरला बांधलं तर तेही बाहेरच राहणार, आणि दोन मीटरची नळी आतपर्यंत पुरेल असं वाटत नाही. आत भिंतीला धरायला दांडी लावायची परवानगी शेजाऱ्यांनी दिली आहे. तिथे मशीनसाठी खुंटीही ठोकावी का, की ओलीमुळे ते खराब होईल? कॉमन संडास वापरणाऱ्यांपैकी कुणी हे केलं असेल तर कृपया लिहा.