मदत हवी आहे: हलशीच्या देवळातले दोन गाभारे एकाच वेळचे का?

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर घेतलंय, गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं, शिलालेख ११६९ चा. आत दोन गाभारे समोरासमोर, मधे मंडप, एका दारात उभं राहिलं की समोर थेट दुसरा देव दिसतो, बघतच राहावं असं आहे! मला ठरवायचंय की दोन्ही एकदमच बांधले की एक मागनं जोडला. जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी छापलेलं शिलालेखाचं वाचन बघून झालं, बाहेरनं टेप लावून जोत्याची मापं घेतली, फोटो पण काढलेत. गाभाऱ्यात मोजायला परवानगी नाही, कन्नड वाचता येतं पण हळेकन्नड (जुनी कन्नड) नाही. तर नुसतं बाहेरनं, जोत्याच्या थरांवरनं आणि दगडाच्या सांध्यांवरनं मागचा जोड कसा ओळखायचा, नेमकं कुठं बघू?