व्हिसलरसाठी एकच स्नोबोर्ड घ्यायचाय, ऑल-माउंटन फ्रीस्टाइल सगळीकडे खरंच चालतो का?

नाशिककर_बर्नबी

नमस्कार मंडळी. कॅनडात, व्हँकुव्हरजवळ बर्नबीत राहतो. आठवड्यात जमलं तर संध्याकाळी जवळच्या सायप्रस डोंगरावर नाइट रायडिंग आणि वीकेंडला व्हिसलरचं स्की रिसॉर्ट. आतापर्यंत रेंटलवर भागवलं, आता स्वतःचा बोर्ड घेतोय आणि तो एकच असणार, दोन घ्यायचं बजेट नाही. दुकानात गेलो की सगळे ऑल-माउंटन फ्रीस्टाइल घे म्हणतात, म्हणजे ट्विन (दोन्ही टोकं सारखी) किंवा जवळपास ट्विन, फ्लेक्स (ताठपणा) दहापैकी ५-६. यादीत सध्या कॅपिटाचा डीओए आणि जोन्सचा माउंटन ट्विन आहेत, मग कोणीतरी म्हणालं लिब टेक पण बघ, त्याची एज (कडेची पोलादी धार) नागमोडी असते म्हणून बर्फाळ ठिकाणी पकडते.

मला पार्कमध्ये छोट्या जंप आणि बॉक्स (वरून घसरत जायचे ठोकळे) आवडतात, स्विच (दुसरा पाय पुढे ठेवून) चालवायला शिकतोय, पण खरं सांगायचं तर दिवसाचा बराचसा वेळ ग्रूमर (मशीनने दाबून सपाट केलेले उतार), झाडी आणि पावडर (ताजा मऊ बर्फ) मिळाली तर पावडर यातच जातो. प्रश्न असा की हा प्रकार प्रत्येक ठिकाणी नेमका कसा वागतो, कुठे कमी पडतो? वजन ७२ किलो, बूट यूएस १०. शिवाय जानेवारीत घरी जाणार आहे तेव्हा गुलमर्गला हाच बोर्ड न्यायचा विचार आहे, ते पण कोणी केलं असेल तर सांगा.

डोंबिवली_टू_ब्लॅककोम्ब

अरे वा, सायप्रस आणि व्हिसलर म्हणजे कोस्टचा, किनाऱ्याजवळचा ओला बर्फ, आणि कोस्टवर हा प्रश्न जरा वेगळा होतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्टिकरवरचं नाव बाजूला ठेव आणि प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारा बाक, बघ. कॅम्बरचा बोर्ड जमिनीवर ठेवलास की मधला भाग वर उचललेला दिसतो, वर उभा राहिलास की तो दाबला जातो आणि तुझं वजन एजच्या पूर्ण लांबीवर, पार टोकांजवळच्या काँटॅक्ट पॉइंटपर्यंत पोचतं. म्हणून ग्रूमरवर पकड चांगली आणि ऑलीला, म्हणजे मागचं टोक दाबून उडी मारताना, पॉप (उसळी) भरपूर. रॉकर बरोबर उलटा, टोकं आधीच वर असतात त्यामुळे बोर्ड सहज फिरतो, एज चुकून अडकत नाही, पण कडक बर्फावर तीच टोकं हवेत राहतात आणि बोर्ड घसरतो. ऑल-माउंटन फ्रीस्टाइल म्हणून विकतात ते जवळजवळ सगळे या दोघांचं मिश्रण असतात. डीओएमध्ये पायांच्या मध्ये कॅम्बर, त्यापुढे सपाट आणि अगदी टोकाला थोडा रॉकर. माउंटन ट्विनमध्ये पायाखाली कॅम्बर आणि नोजला (पुढचं टोक) टेलपेक्षा (मागचं टोक) जास्त रॉकर. लिब टेकचा सी-टू म्हणजे पायांच्या मध्ये रॉकर आणि पायाखाली कॅम्बर. तिन्हींना नाव एकच लावतात पण डोंगरावर तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रूमरवर यातला कुठलाही मस्त. साइडकट (कडेच्या वळणाचा) रेडियस साधारण साडेसात-आठ मीटरचा असतो त्यामुळे मध्यम टर्न सहज येतात, पण पीक टू क्रीकसारखा लांबलचक रन पूर्ण वेगात मारायला लागलास की फ्लेक्स ५ चा बोर्ड नोजकडे फडफडायला लागतो. तो रन वरून खाली १,५०० मीटरची उतराई आहे, सकाळी वर कडक, मध्ये छान, खाली क्रीकसाइडला ओला चिखल, एकाच रनमध्ये तीन ऋतू. फडफड सुरू झाली की लोक मागे बसतात, तिथेच कंट्रोल जातो. गुडघे मऊ ठेवून पुढच्या पायावर वजन राहू दे, बोर्ड शांत होतो, पण वेगाला मर्यादा आहे हे मान्य करूनच चालायचं. त्याहून जास्त हवं असेल तर तो ताठ फ्रीराइड बोर्ड, आणि मग पार्क विसर.

बर्फाळ ठिकाणी म्हणशील तर सायप्रसची संध्याकाळ ही खरी परीक्षा. दिवसा पाऊस किंवा शून्याच्या आसपास तापमान, रात्री गोठतं, लाइटखाली चकचकीत दिसतं. २०१० च्या ऑलिम्पिकला सायप्रसवर ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणावा लागला होता, एवढं तिथलं हवामान बेभरवशाचं. अशा पृष्ठभागावर नागमोडी एजचा फायदा होतो हे खरं आहे, पकडीच्या जागा वाढतात. पण त्याहून जास्त फरक एजच्या धारेने पडतो. नखाची पाठ एजवर आडवी हलकेच ओढून बघ, नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं सरकलं तर दुकानात दे किंवा घरी फाइल मार. नवा बोर्ड आणि बोथट एज यापेक्षा जुना बोर्ड आणि धारदार एज केव्हाही बरा.

आता पावडर. सेंटर्ड ट्विनमध्ये नोज आणि टेल सारखेच लांब असतात, म्हणजे खोल बर्फात नोज वर राहावं म्हणून तुला मागच्या पायावर वजन टाकत बसावं लागतं. उतार तीव्र असेल तर वेगच बोर्डला वर उचलतो, त्यामुळे ब्लॅककोम्बवर स्पँकीज लॅडरच्या मागच्या बोल्समध्ये (खोलगट उतारांत) ट्विनवर मजा येते. त्रास होतो तो कमी उताराच्या जागी. व्हिसलरच्या सिम्फनीच्या बाजूला उतार इतका सौम्य आहे की वीस सेंटीमीटर ताजा बर्फ असेल तर वेग कमी झाला रे झाला की नोज खाली जातं आणि तू रुतून बसतोस. मागची मांडी पेटते ती इथेच. कोस्टचा बर्फ जड असतो त्यामुळे तो थोडा जास्त तरंगवतोही, पण एकदा थांबलास की बाहेर पडायला तेवढाच जड.

झाडीत मात्र हा प्रकार माझा सगळ्यात आवडता. लांबी कमी, टेल सोडायला सोपी, दोन झाडांमध्ये शेवटच्या क्षणी दिशा बदलता येते आणि अडकलास तर स्विचमध्ये निघता येतं. फक्त ताज्या बर्फानंतर झाडांच्या बुंध्याभोवतीचे खड्डे, ट्री वेल, हे ब्रिटिश कोलंबियात फार गंभीर प्रकरण आहे. एकटा जाऊ नकोस, जोडीदार नजरेत ठेव, शिट्टी गळ्यात असू दे.

टेलप्रेस_डेन्व्हर

वरच्या दादांचं बहुतेक सगळं पटलं, दोन गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं आहे.

एक म्हणजे मोगल, रनवर तयार होणारे बर्फाचे उंचवटे आणि खड्डे. कुणी बोलत नाही पण वीकेंडला दुपारनंतर निम्मा डोंगर मोगलच असतो. इथे मऊ फ्लेक्स आणि थोडा रॉकर फार उपयोगी, बोर्ड मध्ये वाकून खड्ड्याचा आकार घेतो. पूर्ण कॅम्बरचा ताठ बोर्ड मोगलमध्ये एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर आपटत जातो आणि एज नको तिथे पकडते. नवीन बोर्ड कॅम्बरचा घेतलास तर नोज-टेलच्या वळणाजवळची एज, काँटॅक्ट पॉइंटच्या जरा बाहेरची, गमी स्टोनने (रबरी घासणीने) हलकी बोथट करून घे. पायांच्या मधली धार तशीच ठेव. एवढ्याने बॉक्सवर आणि तुटक्या बर्फात अचानक अडकून पडणं बरंच कमी होतं.

दुसरं, सपाट कॅट ट्रॅक, म्हणजे डोंगरावरचे अरुंद रस्ते. मध्ये रॉकर असलेला बोर्ड सपाट बेसवर (खालच्या पृष्ठभागावर) सरळ चालत नाही, डावी-उजवीकडे भटकतो, नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. ते तसं नाही, त्या प्रोफाइलचा स्वभावच तो आहे, किंचित एजवर ठेवून चालवायचा. ब्लॅककोम्ब ग्लेशियरवरून खाली यायचा रस्ता लांब आणि सपाट आहे, तिथे हे जाणवेल, आणि तिथेच बेस पण महत्त्वाचा. सिंटर्ड बेस मेण पितो, वेगवान असतो, पण नियमित वॅक्स मागतो. एक्सट्रूडेड स्वस्त, सांभाळायला सोपा, पण हळू. तुम्हा कोस्टवाल्यांच्या ओल्या बर्फात बेस खाली चिकटतो तेव्हा सिंटर्ड बेस आणि उबदार तापमानाचं वॅक्स याला पर्याय नाही. आमच्या कोलोरॅडोत बर्फ कोरडा आणि थंड त्यामुळे आमचं वॅक्स तुला चालणार नाही.

पार्कबद्दल एवढंच की छोट्या जंप आणि बॉक्ससाठी फ्लेक्स ५ उत्तम, ६ ला प्रेस करायला (टोकावर वजन टाकून बोर्ड वाकवायला) जोर लागतो पण लँडिंगला तोच आधार देतो.

हिमवाट

गुलमर्गबद्दल मी सांगते, दर हिवाळ्यात पुण्याहून जाते.

आधी एक लक्षात घ्या की गुलमर्ग हे व्हिसलरसारखं रिसॉर्ट नाहीये. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, गावातून कोंगडोरीपर्यंत, आणि दुसरा २००५ साली, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटरवर. ग्रूम केलेले रन थोडेच आहेत, तेही खालच्या भागात आणि कोंगडोरीच्या चेअरलिफ्टजवळ. पार्क नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे ट्विन बोर्डाचा जो अर्धा फायदा आहे, स्विच आणि जंप, तो तिथे नैसर्गिक उंचवट्यांवरच वापरायला मिळतो. दुसऱ्या टप्प्यावरून उतरलात की सगळा मोकळा, न दाबलेला बर्फ.

पश्चिमी झंझावात येऊन गेला की दोन-तीन दिवस जे मिळतं त्याला तोड नाही, कोरडा, हलका, गुडघ्याच्या वर. तेव्हा सेंटर्ड ट्विन घेऊन जाणाऱ्याची मागची मांडी दुपारपर्यंत संपते, हे मी पाहत आलेय. आणि मधल्या कोरड्या दिवसांत वाऱ्याने वरचा पृष्ठभाग कडक होतो, वर पापुद्रा आणि खाली मऊ, त्यावर पुढे रॉकर असलेला बोर्ड पापुद्र्यावरून सरकतो तर कॅम्बरचं टोक पापुद्र्याखाली घुसतं. त्यामुळे तुमच्या यादीतलं एक निवडायचं असेल आणि गुलमर्ग नक्की असेल तर नोजला जास्त रॉकर असलेला घ्या.

खालची झाडी, बाबा रेशीच्या बाजूची, ट्विनवर फार सुंदर चालते. वर भूर्ज, खाली देवदार आणि पाइन, मध्ये मोकळी जागा भरपूर, घाई नाही. तळाशी रस्त्यापर्यंत यायला सपाट पट्टे आहेत तिथे वेग सोडू नका.

बोर्ड स्वतःचाच न्यायचा विचार बरोबर आहे. तिथे भाड्याने मिळतं पण लांबी, रुंदी, एज याची खात्री नसते. वॅक्स, छोटी फाइल, स्क्रू ड्रायव्हर आणि बाइंडिंगचे (बोर्डावर बूट अडकवायच्या पट्ट्यांचे) जास्तीचे स्क्रू सोबत घ्या, तिथे सुटे भाग शोधण्यात एक अख्खा दिवस जातो. आणि कृपा करून हे मनावर घ्या, गोंडोलावरून दिसणारा मुख्य बोल तेवढा स्की पेट्रोलवाले, म्हणजे सुरक्षा पथक, सांभाळतात, त्याच्या बाहेर हिमस्खलनाचा धोका पूर्णपणे तुमच्या अंगावर आहे. बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि स्थानिक गाइड नसेल तर बाहेर पडू नका. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा बुलेटिन सकाळी वाचल्याशिवाय वर जाऊ नका, बर्फ कितीही छान दिसू दे.

नाशिककर_बर्नबी

खूप धन्यवाद, एवढं कोणीच नीट सांगितलं नव्हतं. ताई, बीकन आणि गाइडचं नक्की करतो, बायकोही सोबत येणार आहे. आता मन माउंटन ट्विनसारख्या प्रकाराकडे झुकतंय. अजून तीन शंका. लांबी १५४ सेंटीमीटर घेऊ की १५७? वाइड, म्हणजे जास्त रुंद बोर्ड, लागेल का? आणि पावडरच्या दिवशी बाइंडिंग मागे सरकवतात म्हणतात ते किती, आणि त्याने स्विच बिघडतं का?

डोंबिवली_टू_ब्लॅककोम्ब

७२ किलोला दोन्ही बसतात, कंपनीचा वजनाचा तक्ता मात्र नक्की बघ, उंचीवरून ठरवू नकोस. तुझा बराचसा वेळ पार्कच्या बाहेर जातोय आणि गुलमर्ग पण आहे, मी असतो तर १५७ घेतला असता. पार्कच जास्त असतं तर १५४.

यूएस १० ला साधारण २५३-२५६ मिलिमीटर कंबर (बोर्डाची मधली रुंदी) असेल तर वाइड लागत नाही. दुकानात बूट घालून, बाइंडिंग तुझ्या कोनात लावून बघ, पायाची बोटं आणि टाच दोन्हीकडे थोडी बाहेर यायला हवी, एक-दोन सेंटीमीटर चालतं. त्याहून जास्त असेल तर खोल टर्नमध्ये बूट बर्फाला घासतो आणि एज सुटते. फार रुंद घेतलास तर बोर्ड एजवरून एजवर जायला आळस करतो, झाडीत ते नको.

बाइंडिंगचं असं की इन्सर्टची भोकं दोन-दोन सेंटीमीटरवर असतात, दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागे घे, म्हणजे दोन सेंटीमीटर सेटबॅक. पावडरला तेवढा फरक लगेच जाणवतो, नोज वर येतं, मांडी वाचते. स्विचमध्ये त्या दिवशी थोडं विचित्र वाटेल कारण आता तुझ्या पुढे लहान टोक आहे, पण खोल पावडरमध्ये स्विच कोण चालवतंय. ग्रूमर आणि पार्कच्या दिवशी परत मध्ये आण. कोन डक, म्हणजे दोन्ही पाय बाहेर वळलेले, ठेव, पुढे +१५ मागे -१२ च्या आसपास, पावडरच्या दिवशी मागचा -६ केलास तर गुडघ्याला बरं वाटतं. स्क्रू ड्रायव्हर कायम खिशात, आणि दोन-तीन रननंतर स्क्रू एकदा आवळून घे, थंडीत ढिले पडतात. रुळलं की पाच मिनिटांचं काम आहे.

टेलप्रेस_डेन्व्हर

एक राहिलं. कितीही घाई असली तरी नवा बोर्ड पहिल्यांदा सायप्रसच्या रात्रीच्या कडक बर्फावरच वापर. फॅक्टरीची एज आणि बेसचा बेव्हल (धारेजवळचा कोन) ठीक आहे की नाही ते तिथे पहिल्या दोन रनमध्ये कळतं. टोकाला फार पकडत असेल तर गमी स्टोन, घसरत असेल तर साइड एज ८९ अंशाला करून आण. गुलमर्गला निघायच्या आधीच हे उरकून घे, तिथे मशीन शोधत बसायला नको.