केबलच्या रेषेत गंज, रिबाउंड हॅमर मात्र म्हणतो सगळं ठीक

साइटवरचा_जेई: खाडीवरचा पीएससी गर्डरचा (ताणलेल्या पोलादी केबलने आवळलेल्या काँक्रीट तुळयांचा) पूल आहे, चाळिशी ओलांडलेला. गर्डरच्या टोकाला, बरोबर केबलच्या रेषेत, गंजाचे ओघळ उतरलेत. रिबाउंड हॅमरचं (ठोकून काँक्रीटवरची उसळी मोजतो तो) रीडिंग ४५ च्या पुढे. कन्सल्टंट म्हणतो, काँक्रीट उत्तम, विषय संपवा. मला पटत नाही. यूपीव्ही (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजायची चाचणी) करू की जीपीआर (काँक्रीटच्या आत बघणारं रडार) मागवू?

खाडीकाठचा: हॅमरला फक्त वरचं कातडं कळतं. जुन्या काँक्रीटचं ते कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, टणक होतं नि आकडा फुगतो. एक टवका उडवून ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारा. जेवढा भाग गुलाबी होणार नाही, तेवढा कार्बोनेट झालाय.

पण काँक्रीटची ताकद घेऊन काय करणार, दुखणं केबलचं आहे. यूपीव्ही वेबच्या (गर्डरच्या उभ्या भिंतीच्या) आरपार घ्या, हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) असेल तर वेग पडलेला दिसेल. जीपीआर केबल कुठून जाते ते दाखवेल. शीथ (केबलभोवतीची नळी) पत्र्याची असेल तर आत ग्राउट (सिमेंटचा भराव) आहे की नुसती हवा, हे त्याला कळणार नाही. लहरी पत्र्यावरूनच परततात. त्यासाठी इम्पॅक्ट-इको, म्हणजे ठोका देऊन परतणारी लहर मोजायची. तोही शीथ एकामागे एक असल्या की गोंधळतो.

शेवटी उघडूनच बघावं लागतं. जीपीआरने जागा पक्की करा, ड्रिल शीथच्या अलीकडे थांबवा, उरलेलं छिन्नीने हळू काढा, मग बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घाला. पहिली भोकं अँकरेजमागे (जिथे केबलचं टोक जखडलेलं असतं) आणि केबलच्या उंच भागात. ग्राउटचं पाणी वर साचतं नि पोकळी तिथेच राहते.

गोव्यातला मांडवीचा पूल १९८६ च्या जुलैत पडला, तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. वेल्समधला यनिस-इ-ग्वास त्याच्या आदल्या वर्षी कसलीही चाहूल न देता कोसळला. तुमच्याकडे निदान ओघळ तरी दिसतोय!

पुलाखालचा: एवढं कशाला? हाफ-सेल (सळीचं विद्युत-विभव मोजणारं साधन) लावा. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज.

खाडीकाठचा: ते बाहेरच्या सळीचं झालं. शीथच्या आतली केबल हाफ-सेलला दिसत नाही.

साइटवरचा_जेई: टेंडरमध्ये हॅमर आणि यूपीव्ही एवढंच आहे.

खाडीकाठचा: मग एक्स्ट्रा आयटम टाका, फोटोसकट लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. आणि वरचा एक्स्पान्शन जॉइंट (पुलाच्या दोन भागांमधला सांधा) गळतोय का ते आधी बघा. टोकाला पाणी बहुतेक तिथूनच येतंय.