रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजजवळ (तारा जिथे टेकतात तिथे) नवा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवल्यापासून तो एकटा वाजवला तरी आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो, असं तुम्ही लिहिलंय. पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) बदलायचा सल्ला इथे मिळालाय, पण मला तो पटत नाही. मधल्या पिकअपबरोबरच पातळ झाला असता तर दोघांची फेज उलटी, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांच्या विरुद्ध, म्हटलं असतं. एकटाच पातळ म्हणजे त्याच्या आतल्या दोन कॉइल एकमेकींचा सिग्नल मारतायत.

पिकअप डिमार्झिओ कंपनीचा आणि वायरिंगची आकृती सेमूर डंकन या दुसऱ्या कंपनीची, असं झालंय का ते आधी बघा. डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नल बाहेर नेणारी), लाल-पांढरी एकत्र जोडलेल्या. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र. हिरवी दोन्हीकडे ग्राउंडला, त्यामुळे घोळ लक्षातच येत नाही.

चारही रंगीत वायरी सोडवा, मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा. ज्या दोन वायरींमध्ये साधारण ४ किलोओहम दिसेल ती एका कॉइलची जोडी. लाल-काळी जोडी निघाली तर डिमार्झिओची आकृती वापरा. आवरण नसलेली पाचवी उघडी वायर मात्र कायम ग्राउंडलाच हवी.

गिटारच्या तारांना हात लावल्यावर हम (घूं असा आवाज) कमी होतो ना? मग ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे, तिला हात लावू नका.