शिकारीच्या कंपाउंड बोसाठी पीप कोणता: १/४ की ३/१६ इंच?

प्रश्न: नदीकाठ_पेन

मंडळी, पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरचा धनुष्याचा सीझन जवळ आलाय. त्याआधी पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेला, नेम धरताना ज्याच्या भोकातून पाहतात तो छोटा तुकडा) बदलायचा आहे.

बो कंपाउंड (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेलं धनुष्य), ॲक्सल ते ॲक्सल (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ३० इंच, ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग ओढण्याची लांबी) २९ इंच, ताण ६० पाउंड. साइट (नेम धरायचं साधन) पाच पिनांची, हाऊसिंगचा, म्हणजे पिनांभोवतीच्या गोल कड्याचा, व्यास २ इंच. सध्याचा पीप १/८ इंचाचा, रबरी नळीवाला. दोन अडचणी आहेत. एक, संध्याकाळी झाडीत पिन दिसते पण हरणाचं अंग मागच्या झुडपांत मिसळून जातं. दुसरी, भर दिवसाही २० यार्डांवर गट नीट बसतो आणि ४० वर बाण उभ्या रेषेत पसरतात. वय ४६. वाचायला चष्मा लागतो, लांबचं स्वच्छ दिसतं.

किती मोठा पीप घ्यावा? नळी ठेवावी की काढावी? स्ट्रिंग आता नवीनच बसवणार आहे.

उत्तर १: कॅम_आणि_केबल

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पीप त्या हाऊसिंगसाठी फार लहान आहे.

पीपचं माप हाऊसिंगवरून काढायचं. फुल ड्रॉवर (स्ट्रिंग पूर्ण ओढल्यावर) डोळ्यापासून पीपचं अंतर भागिले डोळ्यापासून हाऊसिंगचं अंतर, गुणिले हाऊसिंगचा व्यास. तुमच्या ड्रॉ लेंग्थला ही अंतरं साधारण ४ इंच आणि ३४ इंच धरा. म्हणजे २ × ४ ÷ ३४ = ०.२३५ इंच. १/४ म्हणजे ०.२५. हाऊसिंग पूर्ण दिसेल आणि भोवती उजेडाची बारीक कडा राहील. हवं ते हेच: वर्तुळात वर्तुळ. हाऊसिंग १-५/८ इंचाचं असतं तर हेच गणित ०.१९ देतं, तिथे ३/१६ बरोबर बसला असता. म्हणून "शिकारीला कोणता पीप" याचं एकच उत्तर मिळत नाही. अंतरं कुणाकडून तरी मोजून घ्या, अर्ध्या इंचाने उत्तर बदलतं.

१/८ मधून तुम्हाला २ इंचांपैकी जेमतेम १ इंचाचा भाग दिसतो. हाऊसिंगची कडा दिसतच नाही, त्यामुळे डोळा कधी हाऊसिंगचा अंदाजे मध्य धरतो, कधी वापरायची ती पिन मध्यावर आणतो. खालची पिन मध्यापासून अर्धा इंच खाली असेल तर या दोन सवयींत पीपपाशी सुमारे १/१६ इंचाचा फरक पडतो. पीप ते पिन ३० इंच, ४० यार्ड म्हणजे १४४० इंच. फरक ४८ पट होतो: ३ इंच. तुमचा ४० यार्डांवरचा उभा पसारा बहुधा इथूनच येतोय. नवीन पीप बसल्यावर पाचही पिनांना हाऊसिंगच मध्यावर धरा, पिन नव्हे.

आता उजेड. तो भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो. १/८ च्या मानाने ३/१६ मधून सव्वादोनपट आणि १/४ मधून चौपट येतो. १/८ म्हणजे ३.२ मिलिमीटर, आणि अंधारात डोळ्याची बाहुली त्याहून बरीच मोठी उघडते. म्हणजे उजेड डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच पीप तो अडवतो. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो, आणि तुमचा पीप नेमका त्याच वेळेला आंधळा होतो. नव्या पीपची परीक्षाही दुपारी उन्हात नको, त्याच वेळेला सरावाच्या बटवर (बाण झेलणाऱ्या गठ्ठ्यावर) करा. बाहुली मोठी झाली की पीपची कड पसरट दिसते, उजेडाची कडा दिवसापेक्षा वेगळी भासते.

एक गोष्ट दुकानात सहसा विचारली जात नाही: भोकाचा कोन. बो आखूड असेल तर फुल ड्रॉवर स्ट्रिंग जास्त आडवी होते. लांब बोसाठी केलेला ४५ अंशांचा पीप ३० इंची बोवर अंडाकृती दिसतो, आणि मग मध्य सापडत नाही. तुम्हाला ३७-३८ अंशांच्या आसपासचा लागेल. फुल ड्रॉवर भोक गोल दिसलं की कोन बरोबर.

उत्तर २: सर्व्हिंगचा_धागा

मापाबद्दल वर आलंच आहे, मी बसवण्याबद्दल लिहितो.

नळी काढा. नळीचा फायदा एवढाच की ती पीपला जबरदस्तीने डोळ्याकडे वळवते. पण रबर ऊन-थंडीत कडक होतं, चिरतं, आणि तुटलं की पीप आडवा राहतो. हे बाण सोडायच्या क्षणीच कळतं. स्ट्रिंग चांगली ताणून बनवलेली असेल तर नळीची गरज नाही. दोन रंगांची स्ट्रिंग घ्या, धागे समान वाटायला सोपं जातं. २४ धागे असतील तर १२-१२. एका बाजूला १३ गेले तरी पीप वळायला लागतो.

उंची ठरवण्यासाठी बटपासून दोन-तीन यार्डांवर उभे राहा, बाण लावून डोळे मिटून ओढा, नेहमीचा अँकर (हात चेहऱ्याला टेकायची ठरलेली जागा) घ्या, मग डोळे उघडा. मान जराही हलवायला लागली तर उंची चुकली. रिकामा बो ओढू नका, चुकून सुटला तर लिंब (बोच्या वाकणाऱ्या भुजा) आणि कॅम दोन्ही जातात. उंची पटली की बाणाच्या नॉकपासून (स्ट्रिंगवर बसणाऱ्या खाचेपासून) पीपच्या मध्यापर्यंत मोजून आकडा लिहून ठेवा.

धागे वेगळे करायला बो-प्रेसमध्ये ताण उतरवा आणि प्लास्टिकचा सेपरेटर वापरा. स्क्रूड्रायव्हर नको. एक धागा जरी कापला गेला तरी ती स्ट्रिंग वापरायची नाही, कारण ती चेहऱ्यासमोर तुटते. आधी वर आणि खाली सैल गाठी घाला. नवी स्ट्रिंग बसायला साधारण शंभर बाण मारा, मगच पीपच्या दोन्ही अंगांना सर्व्हिंगचा धागा घट्ट गुंडाळा आणि खाचेतूनही फिरवून घ्या. ही बांधणी आळसाने टाळू नका. पीप १/८ इंच सरकला तर २० यार्डांवर बाण ३ इंच वर किंवा खाली जातो. पीप वर गेला तर बाणही वर.

फुल ड्रॉवर पीप थोडा तिरका राहिला तर वरच्या टोकाला अर्धा पीळ वाढवा आणि खालच्या टोकाचा अर्धा कमी करा. एकूण पीळ तेवढाच राहतो, म्हणून ड्रॉ लेंग्थ आणि ताण बदलत नाहीत. नुसता एका टोकाला पीळ देत राहिलात तर बोचं ट्यूनिंग हलतं.

उत्तर ३: सातारा_रेंज

इथे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आमचं काम कंपाउंडच्या टार्गेटपुरतं. पण एक सांगणं गरजेचं वाटतं. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विजेते झाले, तेव्हापासून बरेच जण टार्गेटवाल्यांसारखा बारीक पीप मागतात. टार्गेटला ५० मीटर हे एकच ठरलेलं अंतर, उजेड भरपूर, समोर ८० सेंटीमीटरचा रंगीत फेस (लक्ष्याचा कागद) आणि साइटमध्ये भिंगाचा स्कोप. बारीक भोक तिथे शोभतं. झाडावर बसून संधिप्रकाशात ते घेऊ नका.

नदीकाठ, तुमच्या वयाला दुसरा प्रश्न येणार आहे. १/८ चं भोक पिना आपोआप रेखीव दाखवत होतं. १/४ वर गेलात की पिना धूसर होतील, कारण त्या जवळपास ८५ सेंटीमीटरवर आहेत. त्यासाठी पीपमध्ये बसणारी व्हेरिफायर भिंग मिळते. तिने पिन स्पष्ट होते, हरीण किंचित धूसर. सर्वांत कमी पॉवरपासून सुरू करा आणि पिन जेमतेम स्पष्ट झाली की थांबा. क्लॅरिफायर नावाची दुसरी भिंग मागवू नका, ती स्कोपच्या भिंगासोबत वापरायची असते. भिंगावर थंडीत श्वासाची वाफ धरते आणि पावसाचा एक थेंब पुरतो, म्हणून भिंग स्क्रूने काढता येईल असाच पीप घ्या.

नदीकाठ_पेन

सर्वांचे आभार. मोजून घेतलं: डोळा ते पीप साडेतीन इंच, हाऊसिंगपर्यंत ३४. गणित ०.२०६ देतंय, १/४ आणि ३/१६ च्या मधलं. आता?

कॅम_आणि_केबल

१/४ घ्या. ३/१६ मध्ये हाऊसिंगची कडा कापली जाईल आणि पुन्हा अंदाज सुरू होईल. १/४ मध्ये उजेडाची कडा थोडी जाड दिसेल. ती चारी बाजूंनी सारखी जाड ठेवायची सवय हाताला लागते. आत वेगवेगळ्या मापाच्या चकत्या बसणारा पीप मिळाला तर ७/३२ ची चकती असते का ते विचारून पाहा, तुमच्या बोला ती नेमकी बसेल.