अनुभव धागा : ब्रॉडबँड नव्हते तेव्हा डायल-अप कोणाचे घेतले होते?

लेआउटकर

नागपूरच्या बेसा भागातल्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, राहायला गेलेल्या भाच्याचा परवा फोन आला, "मामा, इथे फायबर अजून पोहोचलेले नाही, तोवर कोणाचे कनेक्शन घेऊ?" त्याला काय सांगितले ते सोडा, पण मला २००० सालच्या सुमाराचे सीताबर्डीवरचे एक दुकान आठवले. त्या काळी घरच्या फोनवरून कंपनीचा क्रमांक फिरवून इंटरनेट जोडावे लागे, त्यालाच डायल-अप म्हणत. दुकानात काचेच्या कपाटात या इंटरनेटचे तास चक्क खोक्यांत भरून विकायला मांडलेले असत. खोक्यात एक सीडी आणि एक कार्ड असे. कार्डावरचा राखाडी पट्टा नाण्याने खरवडला की खाली पासवर्ड दिसे, आणि त्यातला गोल म्हणजे शून्य की इंग्रजी ओ यावर घरात चर्चा होई.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळेपर्यंत निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी एवढाच काय तो पर्याय होता. त्यानंतर मात्र सत्यम, मंत्रा, पुढे बी.एस.एन.एल.चे संचारनेट अशी नावे ऐकू येऊ लागली आणि प्रत्येक जण तासाचा दर सांगू लागला. माझ्या मते त्या दरात फारसे काही नव्हते, कारण खरा खर्च टेलिफोनच्या बिलात लपलेला होता. स्थानिक कॉलचा पल्स, म्हणजे एका कॉलचे पैसे लागण्याचा अवधी, तीन मिनिटांचा, म्हणून तासाला वीस कॉल. एका कॉलचे १ रुपया २० पैसे धरले तर तासाला चोवीस रुपये फोनचेच झाले. इंटरनेटचा तास दहाला मिळाला काय आणि पंधराला मिळाला काय, बिल पाहून वडिलांनी करायचा तो आरडाओरडा केलाच.

तुम्ही कोणाचे घेतले होते आणि काय पाहून घेतले होते, ते सविस्तर लिहावे.

निवृत्त एक्सचेंजवाला

मी दूरसंचार खात्यात होतो, त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी हा प्रश्न मलाच विचारत, आणि माझे उत्तर एकच असे. कंपनीचा डायल-अप क्रमांक आधी मिळवावा, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास आपल्या साध्या फोनवरून तो फिरवावा आणि कान देऊन ऐकावे. पलीकडून मोडेमची, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणाऱ्या यंत्राची, किंचाळी आली तर खोके विकत घ्यावे. एंगेज टोन आला तर दुकानदार कितीही सवलत देवो, तिकडे फिरकू नये.

यामागचे कारण साधे आहे. या कंपन्या टेलिफोन खात्याकडून डिजिटल जोडण्या घेत आणि अशा एका जोडणीवर एका वेळी तीसच कॉल लागत. ग्राहक हजार आणि जोडण्या दोन-चार, अशी स्थिती असली की सगळे जेवण उरकून एकाच वेळी संगणकापुढे बसत आणि रांग लागे. ५६ के मोडेमचा वेगही कंपनीची बाजू डिजिटल असेल तरच मिळे, आणि तोसुद्धा फक्त उतरवून घेताना. वर चढवताना बहुतेकांना ३३.६ केच्या पुढे जाता येत नसे. त्यातून तुमच्या घरापर्यंतची तार जुनी, सांधे गंजलेले, पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात पाणी शिरलेले. मग कंपनी बदलूनही काही फरक पडत नसे, पण हे लोकांना पटत नसे.

काटोलचा भाऊ

तुम्ही शहरातले लोक स्थानिक कॉलचे रडगाणे गाता, आमच्याकडे काटोलला तर क्रमांक नागपूरचा म्हणून कॉल एस.टी.डी.चा पडे. त्यामुळे आमच्या घरात इंटरनेट म्हणजे रात्री अकरानंतरचा, पाव दराचा उद्योग होता. मेल आधी लिहून ठेवायचे, अकरा वाजले की जोडायचे, पाठवायचे, आलेले उतरवून घ्यायचे आणि लगेच तोडायचे. वाचन नंतर निवांत. कोणती कंपनी घ्यावी, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. ज्याचा क्रमांक स्थानिक दरात लागेल तो देव, एवढे एकच तत्त्व होते, आणि तसा क्रमांक मिळाला त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले होते.

हळदीकुंकू_आणि_हेडफोन

मी २००२ च्या आसपास घरून मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे काम करत असे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलेला मजकूर ध्वनिफितीच्या रूपात उतरवून घ्यायचा, टाइप करायचा आणि ठरलेल्या वेळेत परत पाठवायचा, असे ते काम होते. मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळत, म्हणजे एक मेगाबाइट उतरायला साडेतीन-चार मिनिटे लागत, आणि नव्वद टक्क्यांवर लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून स्वस्त कंपनीपेक्षा लाइन न तोडणारी कंपनी मला हवी होती. काही ठिकाणी थोडा वेळ हालचाल दिसली नाही की तिकडूनच तोडत, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसे. शेवटी दोन कंपन्यांची खाती ठेवली, एक रोजचे आणि एक अडीनडीचे.

सासूबाईंचे म्हणणे वेगळेच होते. नणंदेचा पुण्याहून फोन लागत नाही म्हणून त्या रोज धुसफुसत, आणि कॉल वेटिंग सुरू ठेवले की तिच्या फोनची पीप वाजताच माझी फाइल गळपटे. अखेरीस दुसरी लाइन घेतली आणि घरात शांतता नांदली.

मानेवाड्याचा

ताई, अगदी बरोबर. आमच्याकडे तर मावशीचा फोन लागत नाही म्हणून काका खुशाली विचारायला स्कूटरवर सक्करदऱ्याहून आले होते.

कूलरपुढे बसलेला

विषय थोडा बाजूला जातोय, पण कोणीच विजेचे लिहिले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे जूनमधला पहिला वादळी पाऊस आला की मोडेम जळायचेच. लोक संगणकाचा प्लग काढत आणि फोनची तार तशीच राहू देत. वीज त्या तारेतून येई. आतल्या कार्डाचा मोडेम असला तर कधी मदरबोर्डही सोबत जाई, म्हणून बाहेर ठेवायचा, दिवे लुकलुकणारा मोडेम महाग असूनही मी तोच घेतला.

हिशेबी

दर ठरवताना मुदत पाहावी, हे राहिले. शंभर तास स्वस्तात मिळत, पण ते ठरावीक महिन्यांत वापरले नाहीत तर बुडत. मला पंचवीस तासांचे छोटे खोके दर तासाला महाग पडूनही परवडे, कारण त्यातला एकही तास वाया जात नसे. जाहिराती दाखवून फुकट इंटरनेट देणारेही मधल्या काळात आले होते. पण फोनचे चोवीस रुपये तेही माफ करू शकत नव्हते, त्यामुळे फुकटाला अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट मेलच्या पत्त्याची. कंपनीने दिलेला पत्ता लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापला की तुम्ही तिच्याशी बांधले गेलात. पॅक संपले, नवे घेतले नाही, की पत्ताही गेला. मी पहिल्यापासून फुकट वेबमेल वापरले आणि त्यामुळे कंपनी बदलताना मला काहीच वाटले नाही.

मानेवाड्याचा

हिशेबीभाऊ, तास संपले की ६९१ ची त्रुटी यायची ना? ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकला’ असे दाखवायचे आणि आम्ही तासभर पासवर्डच पुन्हा पुन्हा टाकत बसायचो.

निवृत्त एक्सचेंजवाला

६९१ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरने ओळखले नाही, मग ते चुकीच्या पासवर्डमुळे असो किंवा तास संपल्यामुळे. ६७८ आले तर पलीकडून उत्तरच नाही, आणि ६८० म्हणजे डायल टोन नाही. त्या वेळी आधी घरातल्या दुसऱ्या खोलीतले रिसीव्हर कोणी उचलून ठेवले आहे का, ते पाहावे.

लेआउटकर

काका, मग लोकांनी डायल-अप सोडले ते नेमके कधी? आमच्या भागात बी.एस.एन.एल.चे डेटावन ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत जाहीर होऊनही बराच काळ मिळाले नाही.

निवृत्त एक्सचेंजवाला

जाहीर होणे आणि तुमच्या खांबापर्यंत येणे यात अंतर असणारच. ती सेवा तांब्याच्या तारेवरच चाले, आणि एक्सचेंजपासून काही किलोमीटरच्या पुढे सिग्नल क्षीण होत जाई. २००४ च्या धोरणाने किमान २५६ केबीपीएस असेल तरच ब्रॉडबँड म्हणायचे ठरवले होते, त्यामुळे लांबच्या लेआउटमधल्या लोकांना ‘फिजिबल नाही’ असे लेखी उत्तर मिळे. अशांना मी सीडीएमएचा बिनतारी फोन संगणकाला जोडून पाहायला सांगत असे. वेग डायल-अपपेक्षा बरा मिळे आणि घरचा फोनही मोकळा राहत असे.